संस्थेचे धनी कोण?

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापासून निघून ओंकारेश्वराच्या घाटापर्यंत कोणी सकाळच्या प्रहरी पायी चालत गेला, तर वाटेत जितकी दुकाने त्याला लागतील त्यांहून थोड्याच कमी संस्थांच्या पाट्या त्याला वाचावयास मिळतील. कोठे गरीब विद्यार्थ्यांचे वसतिगृह, कोठे स्त्रियांचे उद्योगगृह, कोठे रुग्णांस साहित्य पुरविणारे मंडळ, तर कोठे मोफत वाचनालय. वर्गणी गोळा करून परोपकार करण्याची ही सवय पेठेच्या अंगी जुनी मुरलेली आहे. फर्ग्युसन कॉलेज २ जानेवारी १८८५ रोजी सुरू झाले ते ह्याच पेठेतील गद्रे वाड्यात, ही गोष्ट आता टेकडीखालच्या त्या विस्तीर्ण आवारात शिकणाऱ्या मुलांस सांगूनही खरी वाटत नाही. ह्या लौकिकाचा आम्हांस अभिमान आहे, आणि तो आहे म्हणूनच आज जे लिहावयाचे ते आम्ही मोकळेपणाने लिहिणार आहोत.

गेल्या एप्रिलातील गोष्ट. पेठेतील एका वसतिगृहातील मुलांनी १४ एप्रिल रोजी डॉ. आंबेडकरांची जयंती संस्थेच्या दिवाणखान्यात साजरी करण्याची परवानगी मागितली. (संस्थेचे नाव देण्याचे कारण नाही, जे एकीत घडले ते दहांत घडत असते.) परवानगी नाकारली गेली नाही. उघड नकार देण्याइतके संस्थेचे चिटणीस जुन्या मताचे नाहीत. अर्जावर 'हरकत नाही' असा शेरा पडला. मात्र त्या दिवशी दिवाणखान्याची किल्ली ज्यांच्यापाशी असते ते गृहस्थ परगावी गेले होते, आणि किल्लीही त्यांच्याबरोबर गेली होती. मुलांनी जिन्याखालच्या बोळात टेबल मांडले, त्यावर तसबीर ठेवून हार घातला आणि चहा वाटला. आम्हांस बोलावणे होते म्हणून आम्ही गेलो. कार्यकारी मंडळाचे अकरा सभासद. त्यांतला एकही फिरकला नाही. गणेशोत्सवात त्याच दिवाणखान्यात दहा दिवस आरत्या होतात, आणि त्या दहा दिवसांत किल्ली कधी परगावी गेल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

पुढे वार्षिक सभेत ह्याच वसतिगृहात राहून शिकलेला आणि आता एका बँकेत कारकुनी करणारा एक तरुण उभा राहिला. त्याने नम्रपणे एवढेच विचारले की, इतकी वर्षे संस्था आमच्यासारख्यांना जेवू घालते आहे, तर आमच्यापैकी एकही जण आजवर कार्यकारी मंडळात का बसला नाही? सभेत थोडी चुळबुळ झाली. खजिनदार उठले. हे गृहस्थ तीस वर्षे एक पैही न घेता संस्थेचे हिशेब लिहीत आले आहेत, आणि त्यांच्या सचोटीविषयी आमच्या मनात तिळमात्र संशय नाही. त्यांचा कंठ दाटून आला होता. ते म्हणाले, "अहो, हे सगळे आम्ही तुमच्याकरिताच तर करतो!"

प्रश्नाचे सगळे मर्म ह्या एका वाक्यात आहे. 'तुमच्याकरिता' आणि 'तुमचे' हे दोन शब्द कानाला जवळचे वाटतात, परंतु त्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. जो घास दुसऱ्याच्या मर्जीने मिळतो तो पोट भरतो. घर देत नाही. त्या तरुणाने अन्न मागितले नव्हते, उपकारही नाकारले नव्हते. आपण ह्या घरचे की पाहुणे, इतकेच त्याला जाणून घ्यावयाचे होते.

हा प्रश्न आजकालच्या पोरांच्या डोक्यातून निघाला, असे ज्यांस वाटते त्यांनी आपल्याच शहराचा इतिहास पाहावा. पुण्यातील पहिली मोठी लोकसंस्था जी सार्वजनिक सभा, ती २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली. तिचा उगम कशात होता? पर्वती संस्थानाचा कारभार पंचांच्या हाती होता, तो नीट चालत नाही आणि लोकांस त्याचा जाब विचारता येत नाही, ह्या असंतोषात. म्हणजे धर्मादाय कारभारात लोकांचा शब्द चालला पाहिजे ह्या मागणीतूनच आमच्या सार्वजनिक जीवनाचा जन्म झाला, असे म्हणावयास हरकत नाही. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणू लागले, त्यांनी सभेच्या नियमांत एक अपूर्व कलम घातले. जो सभासद होईल त्याने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे. आरंभीच्या ९५ सभासदांनी मिळून सुमारे सहा हजार लोकांची मुखत्यारपत्रे आणली. मतदानाचा हक्क ज्या देशात कोणाला ठाऊक नव्हता त्या देशात, आपण कोणाच्या वतीने बोलतो ह्याचा लेखी पुरावा आणा, असे सांगणारी ती सभा होती. आज पेठेतील किती संस्थांचे कार्यकारी सभासद पन्नास सोडाच, पाच लाभार्थ्यांच्या सह्या आणू शकतील?

तरी त्या सभेतही सरदार, सावकार, वकील आणि पेन्शनर ह्यांचाच भरणा होता, आणि जोतीराव फुल्यांनी तिच्यावर जो कोरडा ओढला तो ह्याच कारणास्तव. सभेचे नाव सार्वजनिक, पण तिच्यात शूद्र-अतिशूद्र कोठे आहेत, असा त्यांचा सवाल होता. जोतीरावांस हा सवाल करण्याचा अधिकार होता. १८४८ साली बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा काढून त्यांनी आणि सावित्रीबाईंनी काम आरंभिले. आणि त्या शाळांचे फळ कोणते, हे १८५५ साली 'ज्ञानोदया'त दिसून आले. मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मातंग विद्यार्थिनीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध त्या पत्राने छापला. वाचकांनी ह्या गोष्टीचे महत्त्व ध्यानात घ्यावे. दुःखितांविषयी लिहिणारे परोपकारी गृहस्थ तेव्हाही पुष्कळ होते. पण जिच्याकरिता शाळा होती तीच बोलू लागली, हा प्रकार नवा होता. पुढे २४ सप्टेंबर १८७३ रोजी जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला, तेव्हा त्याचा कारभार चालविणारे माळी, कुणबी आणि अन्य जातींचे लोक होते. आश्रयदात्यांची वाट त्यांनी पाहिली नाही.

आणि ज्या पर्वतीच्या कारभारावरून १८७० ची सभा जन्मली, त्याच पर्वतीच्या पायऱ्यांवर ऑक्टोबर १९२९ मध्ये काय घडले? शिवराम जानबा कांबळे आदी मंडळींनी अस्पृश्य मानलेल्या लोकांस देवदर्शन मिळावे म्हणून सत्याग्रह केला, आणि त्यांच्या वाट्याला धोंडे आले. कारभाराचा जाब विचारणारे पुणे एकोणसाठ वर्षांनी दाराशी आलेल्यास पायरी चढू देईना. आपल्याला जाब विचारावयाचा असतो तेव्हा सार्वजनिक, आणि दुसरा विचारू लागला की खासगी. ही खोड आमची जुनी आहे.

परंतु ह्या विषयात ज्यांचे उदाहरण आम्हांस सर्वांत अधिक बोधक वाटते ते महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ह्यांचे. जमखंडीचा हा मराठा तरुण फर्ग्युसनात शिकला, ऑक्सफर्डला जाऊन १९०३ साली परत आला, आणि १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत त्याने डिप्रेस्ड क्लासेस मिशनची स्थापना केली. अध्यक्ष सर नारायण चंदावरकर. शिंदे नुसते चिटणीस होऊन कचेरीत बसले नाहीत. अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या वसतिगृहात स्वतः राहिले. बहीण जनाक्का आणि घरची माणसे त्याच कामास लागली. मुलांबरोबर एका पंक्तीत जेवणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. स्वजातीय त्यांच्यापासून दूर झाले ते ह्यामुळेच. पुण्यात नाना पेठेत अहिल्याश्रम उभा राहिला तो ह्याच कामातून. आता एवढ्या माणसाविषयी, तो परका आहे, असे कोण म्हणेल? आणि तरीसुद्धा मिशनमधील अस्पृश्य वर्गातील मंडळी म्हणू लागली की, संस्था आमच्याकरिता आहे तर तिचा कारभार आमच्या हाती असावा.

त्या प्रसंगी आमच्या वरील खजिनदारांसारखाच शिंद्यांचाही कंठ दाटून आला असेल. सतरा वर्षांचे रक्त त्यांनी त्या संस्थेत ओतले होते. परंतु त्यांनी किल्ली घेऊन परगावी जाणे पसंत केले नाही. १९२३ साली त्यांनी मिशनच्या कार्यकारी पदाचा राजीनामा दिला. ह्यात त्यांना दुःख झाले नाही असे समजणे वेडेपणाचे होईल, आणि मागणी करणारांच्या बोलण्यात सगळीकडे कृतज्ञता होती असेही आम्ही म्हणत नाही. पण आपण उभारलेली संस्था आपल्यावाचून चालावी अशी वेळ येणे, हा संस्थापकाचा पराभव नव्हे. ज्या मुलाला चालावयास शिकविले तो बोट सोडून चालू लागला म्हणून बापाने रुसावे काय? शिंद्यांनी त्यानंतरही काम सोडले नाही. भारतीय अस्पृश्यतेच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९३३ साली, म्हणजे राजीनाम्यानंतर दहा वर्षांनी, प्रसिद्ध झाला.

राजीनाम्याच्या पुढच्याच वर्षी, २० जुलै १९२४ रोजी, डॉ. आंबेडकरांनी मुंबईस बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापिली. तिची रचना आमच्या आजच्या संस्थाचालकांनी अवश्य अभ्यासावी. अध्यक्षस्थानी सर चिमणलाल सेटलवाड होते, म्हणजे स्पृश्य वर्गातील मोठ्या माणसांस दार बंद नव्हते. परंतु कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष स्वतः आंबेडकर, चिटणीस सीताराम नामदेव शिवतरकर, आणि खजिनदार निवृत्ती तुळशीराम जाधव. शोभेच्या जागा थोरांस आणि तिजोरीची किल्ली ज्यांचे दुखते त्यांस, अशी ती वाटणी होती. आमच्याकडे नेमके उलट होते. लाभार्थी वर्गातील एखाद्यास 'सन्माननीय सल्लागार' करून अहवालात त्याचे छायाचित्र छापावयाचे, आणि धनादेशावरील सही मात्र पूर्वीच्याच दोघांची.

ह्यानंतर आठ वर्षांनी हाच वाद आमच्या वेशीवर, येरवड्याच्या तुरुंगाच्या सावलीत, देशाच्या पातळीवर झाला. २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला आणि त्या महिन्याच्या अखेरीस अस्पृश्यतानिवारणाकरिता जो संघ निघाला तोच पुढे हरिजन सेवक संघ म्हणून प्रसिद्धीस आला. त्याचे अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, चिटणीस अमृतलाल ठक्कर. आरंभी डॉ. आंबेडकर त्याच्या मध्यवर्ती मंडळात होते. लवकरच ते बाहेर पडले. संघाच्या कारभारात अस्पृश्य वर्गाचे लोक का नसावेत, ह्या प्रश्नास महात्माजींचे उत्तर असे होते की, हे स्पृश्य हिंदूंचे प्रायश्चित्त आहे; हे ऋणकोंचे मंडळ आहे, आणि ऋण फेडण्याची खटपट ऋणकोंनीच करावयास पाहिजे.

महात्माजींच्या हेतूविषयी आम्हांस आदरच आहे. पाप करणाराने प्रायश्चित्त दुसऱ्याकडून करवून घेऊ नये हे तत्त्व थोर आहे. परंतु आमच्या व्यापारी वाचकांस आम्ही विचारतो: कर्ज फेडणे ऋणकोचे काम हे खरे, पण किती फिटले आणि किती राहिले हे धनकोला न विचारता ऋणकोनेच आपल्या खतावणीत लिहून टाकावे, असा व्यवहार लक्ष्मी रस्त्यावर किंवा रविवार पेठेत कोणी पाहिला आहे काय? हिशेबाची वही दोघांच्या नजरेखालून गेली पाहिजे. ती जोवर जात नाही तोवर फेड चालू आहे की नुसते व्याज चालू आहे, हे देवालाही कळावयाचे नाही.

स्त्रियांच्या संस्थांत मात्र एक अधिक सुखाचे चित्र आहे, निदान अर्धे. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला, तो पुढे हिंगण्यास गेला. तेथे पार्वतीबाई आठवले विधवा म्हणून आल्या, शिकल्या, आश्रमाच्या कामास लागल्या, वर्गणीकरिता गावोगाव हिंडल्या आणि अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. आश्रयास आलेली बाई आश्रमाचा आधार झाली. परंतु तोच आश्रम आरंभीच्या काळी प्रामुख्याने ब्राह्मण विधवांपुरता राहिला, हेही लपविण्यात अर्थ नाही. अण्णासाहेबांची थोरवी अशी की, त्यांची दृष्टी तेथेच थांबली नाही. १९४४ साली, वयाची पंचाऐंशी वर्षे उलटून गेल्यावर, त्यांनी समता संघ काढला. म्हातारपणी माणसाची मते आखडत जातात असा सर्वसाधारण अनुभव आहे. त्यास हा अपवाद.

आता आजच्या कायद्याकडे पाहू. पुण्याच्या महानगरपालिकेत निम्म्या जागा स्त्रियांस राखीव आहेत. सहकारी पतसंस्थेच्या संचालक मंडळात स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास वर्ग आणि भटके-विमुक्त ह्यांकरिता जागा ठेवाव्या लागतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सभासद पालकांतून घ्यावयास लावले, त्यांत दुर्बल वर्गांच्या पालकांस प्रमाणशीर वाटा दिला आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे सांगितले. परंतु १९५० च्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्यात असे बंधन नाही. विश्वस्त बदलला की धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज करावयाचा, हिशेब तपासून घ्यावयाचे, एवढे झाले की संपले. पतसंस्थेत जे सक्तीने करावे लागते ते परोपकाराच्या संस्थेत स्वखुशीने करावयाचे आहे. आणि म्हणूनच ते होत नाही. लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा मात्र दहा किंवा अधिक माणसे कामास असलेल्या संस्थांसही लागू आहे. त्याची समिती कागदावर तरी आहे काय, हे पेठेतील चिटणिसांनी एकदा आपले कपाट उघडून पाहावे.

कायद्याने न पकडता येणाऱ्या गोष्टी तर याहून बारीक आणि याहून बोचऱ्या आहेत. पुष्कळ संस्थांच्या कचेऱ्या जुन्या वाड्यांच्या माडीवर आहेत. लाकडी जिना उभा, अंधारा, आणि धरावयास दोर. कुबड्या घेऊन चालणाऱ्या मुलाने अपंगांकरिता असलेल्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयास त्या जिन्याने कसे चढावे, हा विचार ज्यांच्या मनात आला नाही ते निर्दय नाहीत; त्यांच्यात कुबड्या घेणारा कोणी नाही, एवढेच. कार्यकारी मंडळाच्या बैठका कामाच्या दिवशी दुपारी अकराला होतात. पेन्शनरांस ती वेळ सोयीची. धुणीभांडी करणाऱ्या किंवा हातगाडी लावणाऱ्या सभासदाची त्यात दिवसाची कमाई बुडते, आणि मग 'ह्या लोकांना आस्थाच नाही' असा शेरा मारावयास आपण मोकळे. वृत्तांत आणि देणगीदारांस पाठवावयाचे कागद इंग्रजीत. ज्यांच्याविषयी ते लिहिलेले असतात त्यांस ते वाचता येत नाहीत.

आणि बोलण्याची रीत! पंचावन्न वर्षांच्या स्वयंपाकीणबाईस पंचवीस वर्षांचा व्यवस्थापक 'अगं' म्हणून हाक मारतो, आणि ती त्याला 'साहेब' म्हणते. हिशेबनिसास 'अहो', शिपायास 'अरे'. अध्यक्षांस कपबशीत चहा, सफाई करणाऱ्यास काचेच्या पेल्यात, आणि तो पेला निराळा फळीवर ठेवलेला. समतेचे व्याख्यान ज्या दिवाणखान्यात होते त्याच्याच पाठीमागच्या मोरीत ही फळी आम्ही स्वतः पाहिली आहे. आम्ही त्याविषयी विचारले तेव्हा, ती कोणी मुद्दाम ठेवलेली नाही, पहिल्यापासून आहे, असे उत्तर मिळाले. पहिल्यापासून आहे हे खरे. तेवढ्याकरिताच तर एवढी थोर माणसे झटली.

ह्यावर आक्षेप येईल तो योग्यतेचा. कारभारास पात्रता लागते, हिशेब कळावा लागतो, देणगीदारांशी बोलता यावे लागते. नुसता अमुक जातीचा म्हणून कोणास बसवावे काय? आमचे उत्तर असे की, पात्रता अवश्य पाहावी, पण सर्वांचीच पाहावी. आज जे बसले आहेत त्यांतले किती परीक्षा देऊन बसले? कोणी वडिलांच्या जागी, कोणी मेहुण्याच्या शिफारशीने, कोणी शाळासोबती म्हणून. ही राखीव जागाच आहे. फक्त तिच्यावर पाटी नाही. शिवाय उपाशी राहण्याचा अनुभव, फीसाठी घरची शेळी विकण्याचा अनुभव, हा वसतिगृहाच्या कारभारास लागणाऱ्या पात्रतेत मोडत नाही असे कोणी ठरविले? नवी पेढी काढताना व्यापारी त्या गावचा भागीदार घेतो, कारण उधारी कोणाला द्यावी आणि कोणाला नाही हे गावच्या माणसास कळते. तेवढे शहाणपण धर्मादाय कामात अपवित्र ठरू नये.

दुसरा आक्षेप पैशाचा. देणगी देणारास वाटते, माझा पैसा, मी सांगेन तसे व्हावे. ह्या पेठेतील आणि रविवार पेठेतील व्यापारीच आमच्या संस्थांचे मुख्य आधार आहेत, म्हणून त्यांस आमची स्पष्ट विनंती आहे. पुढच्या वेळी वर्गणीची पावती पुस्तक घेऊन कोणी दुकानात आला, तर गेल्या वर्षीचा हिशेब जसा मागता तशी कार्यकारी मंडळाची यादीही मागा. त्यांत स्त्रिया किती, संस्थेत शिकून वा राहून गेलेले किती, आणि शेवटचा नवा माणूस कोणत्या साली आला, हे विचारा. धर्मादाय आयुक्तांच्या नोटिशीने जे होणार नाही ते तुमच्या एका प्रश्नाने होईल.

त्या वसतिगृहाकडे परत येऊ. कार्यकारी मंडळात दोन जागा सभासदांच्या निधनामुळे रिकाम्या आहेत, आणि वार्षिक सभेने त्यांची निवडणूक एक महिना पुढे ढकलली आहे. बँकेतील त्या तरुणाने आणि नर्सिंगच्या कामास असलेल्या एका बाईने अर्ज नेले आहेत. ह्या बाई शालेय वयात ह्याच संस्थेच्या शिष्यवृत्तीवर शिकल्या. घटनेप्रमाणे प्रत्येक अर्जावर दोन विद्यमान सभासदांच्या सह्या लागतात. आम्ही काल चौकशी केली तेव्हा तरुणाच्या अर्जावर एक सही झालेली होती. ती खजिनदारांची आहे, हे कळून आम्हांस जितका आनंद झाला तितकेच आश्चर्यही वाटले. दुसरी सही अद्याप व्हावयाची आहे. बाईंच्या अर्जावर दोन्ही. मुदत शनिवारी सायंकाळी पाच वाजता संपते, आणि कचेरी, म्हणजे तो दिवाणखाना, चार वाजेपर्यंत उघडा असतो.